गुलाबरावांची टोपी आणि दमलेली डबी

दुकानात जो पतंग सरसर चढला, तो घरी आल्यावर दहाव्याच मिनिटाला आभाळात अडकून का बसला? डबी तीच, खेळ तोच, खेळणारी केतकीही तीच. मग बिघडलं काय?

रविवारची दुपार होती, चार वाजले होते आणि केतकी सारखी घड्याळाकडे बघत होती. पाच वाजता तिचे बाबा टीव्हीवर येणार होते. बाबा होते खोल समुद्राच्या तळाशी, एका संशोधन केंद्रात. उद्यापासून ते केंद्र आणखी खाली दरीत उतरणार होतं आणि तिथून तीन महिने घरी एक शब्दही पोचणार नव्हता. त्याआधीचा हा शेवटचा तास. "त्या तासात आपण सगळे हॉलमध्ये बसून टीव्हीवरच्या खेळात पतंग काटायचे," असं बाबांनी महिन्याभरापूर्वी कबूल केलं होतं. बाबा घरी असताना इथं अकोल्यात गच्चीवर काटायचे, अगदी तसे.

घरचा जुना लॅपटॉप तो खेळ पाहूनच धापा टाकायचा. म्हणून काल, शनिवारी, केतकी नवा छोटा संगणक आणायला निघाली. सोबत आई आणि गुलाबराव.

गुलाबराव म्हणजे सोसायटीचे यंत्रमानव. पंपापासून पंख्यापर्यंत सगळं दुरुस्त करायचे. त्यांना काम शिकवलं होतं बाजारातल्या एका म्हाताऱ्या मेकॅनिकनं, त्यामुळे हत्यारं चालवण्याबरोबर त्यांनी त्याची वऱ्हाडीही उचलली होती. एकविसावं शतक अर्धं सरलं तरी गुलाबराव "मले" आणि "तुले" सोडायला तयार नव्हते.

दुकानात अशा छोट्या संगणकांच्या तीन डब्या मांडल्या होत्या. पहिली पेढ्यांच्या खोक्याएवढी, चपटी, चकचकीत. दुसरीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, "चार हजार खेळ मावतील!" तिसरी वर्षभर वापरून परत आलेली, दुकानानं तपासून पुन्हा विकायला ठेवलेली. जेवणाच्या डब्यासारखी जाडजूड, दोन्ही बाजूंना जाळी.

केतकीचा हात आपोआप दुसरीकडे गेला. चार हजार खेळ!

"थांब लेकी," गुलाबराव म्हणाले. "लग्नाच्या पंगतीत बसली हायेस ना तू? कोठीघरात हजार लाडू हायेत अन् वाढणारा एकच, थोही लंगडा. तुह्या पानात लाडू कवा पडन?"

"पंगत उठल्यावर!" केतकी हसली.

"बस! थेच इथं. साठवण (खेळ ठेवायची जागा) म्हंजे कोठीघर. रॅम (चालू कामाचं सामान हाताशी ठेवायची जागा) म्हंजे समोरचा ओटा. प्रोसेसर (हिशेब करणारा मेंदू) म्हंजे आचारी. अन् ग्राफिक्स चिप (पडद्यावरची चित्रं रंगवणारा भाग) म्हंजे वाढपी. यातला जो सगळ्यात सुस्त, त्याच्याच चालीनं पंगत चालते. या डबीचं कोठीघर मोठं, पन वाढपी लंगडा."

"मग सगळ्यात तेज वाढपी घेऊ!"

"तुमचा टीव्ही किती चित्रं दाखवते एका सेकंदात?"

केतकीला माहीत नव्हतं. आईनं मोबाइलमध्ये टीव्हीच्या माहितीचा कागद शोधला. साठ.

"म्हंजे साठ पानं मांडली हायेत. एकशेवीस पानं वाढनारा आनला तर तो साठ वाढून हात बांधून उभा राहीन, अन् त्याचे पैशे मात्र तुह्या आईले पुरे द्या लागतीन."

आईला हे फार पटलं. आता उरल्या पहिली आणि तिसरी. गुलाबरावांनी दोन्हींवर पतंगांचा खेळ अर्धा तास चालवायला लावला. दुकानदाराच्या कपाळावर आठ्या पडल्या, पण गुलाबराव तिथंच ठाण मांडून बसले. पहिली डबी दिसायला देखणी, पण तिच्यात पंखा नव्हता. वीस मिनिटांत तिचे पतंग लडखडायला लागले. तिसरीचे मात्र शेवटपर्यंत झुळझुळत राहिले. ती सगळ्यांत स्वस्तही होती. आईनं तीच घेतली आणि केतकी ती छातीशी धरून घरी आली.

आजीला तर आभाळ ठेंगणं झालं. गुलाबरावांनी एवढी मदत केली, मग त्यांना रिकाम्या हातानं कसं पाठवायचं? आजीनं हिरव्या लोकरीची एक विणलेली टोपी काढली आणि त्यांच्या डोक्यावर कानापर्यंत ओढून घातली. "राहू द्या डोक्यावर, शोभून राह्यली," ती म्हणाली. गुलाबराव लाजले की काय कोण जाणे, पण त्यांचे डोळ्यांचे दिवे दोनदा लुकलुकले.

आणि आज, रविवारी, ही तऱ्हा. पतंग निघायचा झोकात. आठ मिनिटं, नऊ मिनिटं. मग एकदम दोरी थरथरायची, पतंग अडखळायचा, इथून नाहीसा होऊन तिथं उगवायचा. केतकीनं हातातल्या कंट्रोलरवरूनच डबी दोनदा बंद करून चालू केली. पुन्हा तेच.

"जुनी वस्तू घेतली ना, म्हणून," आई वैतागून म्हणाली.

केतकीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं गुलाबरावांना हाक मारली. ते जिना चढून आले, पण कसे! एक पायरी, थांबा. दुसरी पायरी, थांबा. दारात उभे राहून म्हणाले, "का... य... झा... लं... ले... की..."

"आता तुम्हीही बिघडलात?" केतकीला रडू फुटलं. साडेचार वाजले होते. तिनं काय झालं ते पाहायला त्यांच्या डोक्याला हात लावला आणि झटकन मागे घेतला. डोकं तव्यासारखं तापलं होतं! तिनं टोपी ओढून काढली. टोपीखाली, टाळूवर, बारीक फटींची एक रांग होती. त्यातून गरम हवेचा झोत भस्सकन बाहेर आला. मिनिटभर गुलाबराव नुसते उभे राहिले.

"हुश्श!" मग ते म्हणाले, अगदी नेहमीच्या चालीत. "डोस्कं हलकं झालं पाह्य!"

"मग काढली का नाही तुम्ही टोपी?"

"आजीनं मायेनं घातली होती. काढू कशी?"

केतकी त्या फटींकडे बघत राहिली. मग डबीकडे वळली. डबी कुठे होती? काचेच्या शोकेसमध्ये, काच सरकवून बंद केलेली. आणि डबीवर होतं आजीनं रात्रीतून विणलेलं, मणी लावलेलं, गुलाबी कमळांचं झाकण! या घरात मिक्सरवर झाकण असे, टीव्हीवर झाकण असे, रिमोटलाही प्लास्टिकचा अंगरखा असे. झाकण इतकं रोजचं होतं, की ते केतकीला दिसलंच नव्हतं.

"गुलाबराव, काम करताना चिप तापते का?"

"तापतेच. तिच्यातून वीज धावते, अन् धावताना वीज उष्णता सांडत जाते. जेवढं काम जास्त, तेवढी उष्णता जास्त."

"आणि पंखा ती बाहेर टाकतो. पण बाहेर झाकण असेल तर तीच गरम हवा पुन्हा आत येणार. मग चिप जळेल!"

"जळू देत नाई. तिच्या पोटात तापमापक असते. ताप वाढला की चिप आपल्या हातानं आपला वेग कमी करते. त्याले म्हन्तात थ्रॉटलिंग (तापल्यावर यंत्रानं स्वतःला वाचवायला हळू होणं). दुकानात डबी उघड्यावर होती, म्हनून पयाली. म्हंजे डबी बिघडली नाई, दमली!"

केतकीनं काच सरकवली, झाकण उचललं आणि डबी शोकेसच्या माथ्यावर भिंतीपासून चार बोटं लांब ठेवली. सगळं झाल्यावर तिचं आजीकडे लक्ष गेलं. आजीचा चेहरा एवढासा झाला होता.

"मीच गळा दाबला म्हना तिचा," आजी म्हणाली. "अकोल्याची धूळ बसू नये म्हनून केलं वो."

"धुळीचं बरोबर हाय तुमचं," गुलाबराव चटकन म्हणाले. "पंख्यात धूळ बसली का थो हवा फेकत नाई, मंग पुन्हा थ्रॉटलिंग. झाकन पायजेच, पन डबी निजल्यावर. जागी असताना नाई."

आजीनं मान डोलावली, पण झाकण मात्र घट्ट धरून ठेवलं.

पाचला पडद्यावर बाबा उगवले. दाढी वाढलेली, मागे गोल खिडकीत काळं पाणी. लगेच पतंग चढले. दहा मिनिटं झाली. अकरा, बारा, वीस. पतंग झुळझुळत राहिला आणि केतकीचा आनंद गगनात मावेना. चाळिसाव्या मिनिटाला आजीनं कंट्रोलर हिसकावला, दोन झटके दिले आणि बाबांचा पतंग कचकन काटला.

"ओऽऽ काट!" आजी अशी ओरडली की खालच्या मजल्यावरचे लोक गॅलरीत आले. समुद्राच्या तळाशी बाबा हसून हसून खुर्चीवरून घसरले. हसता हसताच तास संपला आणि पडदा काळा झाला.

केतकीनं डोळे पुसले. आजी उठली आणि नातवंडांच्या कपाळाला लावते तसा तिनं डबीला हाताचा पालथा पंजा लावला. "अजून ताप हाय," म्हणाली आणि झाकण मांडीवर घेऊन डबी गार व्हायची वाट बघत तिथंच बसली.

"गुलाबराव," केतकी म्हणाली, "काम तेवढंच करील पण उष्णता अगदी थोडीच सांडेल, अशी चिप होईल का?"

"लोक शोधून राह्यले. तूही शोध."

"बाबा परत आले की त्यांना विचारते. आणि मोठी झाले की बनवतेच."

गुलाबरावांनी हिरवी टोपी नीट घडी घालून छातीच्या कप्प्यात ठेवली.

"लवकर बनव लेकी," ते म्हणाले. "मले टोपी घालाची हाय."