कुठेही चालणारी पेटी

खडूसने तिला आधीच सांगितलं होतं, आणि तिने ते या कानाने ऐकून त्या कानाने सोडून दिलं होतं.

खडूस म्हणजे ऑफिसातला सगळ्यात जुना प्रोग्रामर. तोंडावर ‘सर’ आणि पाठीमागे ‘खडूस’, त्यापलीकडे त्याच्या नावाच्या वाटेला कुणी गेलं नव्हतं. नोकरी सोडून जाताना त्याने टेबल आवरलं, चष्मा पुसला आणि तिच्या खुर्चीपाशी थांबून म्हणाला, “पेटी कुठलीही निवडा. पण आवाज तेवढा बाहेरचा घ्या. तोही आत कोंबलात, तर पेटी बाहेरचं ऐकायची नाही. स्वतःचंच ऐकत बसेल.”

तिला रागच आला. महिनोन्महिने भांडून, निर्णयाच्या ऐन तोंडावर हा गृहस्थ हात झटकून निघाला होता आणि जाताजाता शहाणपणाही शिकवत होता. “बरं सर,” एवढंच ती म्हणाली. त्याची पाठ वळल्यावर तिने शेजारणीकडे बघून डोळे फिरवले.

भांडण होतं पेटीवरून. त्यांच्या छोट्या कंपनीचा एकच प्रोग्राम, ‘पाळणा’. पाळणाघरात मुलं झोपतात त्या खोलीत एक माइक लावायचा. बाहेरच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर ‘पाळणा’ तो आवाज ऐकवतो, आणि कुणी रडू लागलं की पडद्यावरची हिरवी पट्टी तांबडी होते. काम एवढंच. पण पाळणाघरांचे कॉम्प्युटर म्हणजे कुणाकुणाच्या ऑफिसांनी टाकून दिलेले खटारे. त्यांवर फुकट मिळतं म्हणून विंडोजऐवजी लिनक्स, आणि लिनक्सच्या घराण्यात भावकी फार. या मशीनवर एक वाण, त्या मशीनवर दुसरा. प्रोग्रामला लागणारं तयार सामान, ज्याला लायब्ररी म्हणतात, ते एकाकडे असतं तर दुसऱ्याकडे नसतं, आणि असलंच तर शिळं. प्रत्येकासाठी ‘पाळणा’ वेगळा बांधून देताना जीव मेटाकुटीला यायचा. म्हणून ठरलं, सगळीकडे चालेल अशी एकच पेटी करायची. प्रोग्राम आणि त्याचं सामानसुमान आत भरायचं, झाकण लावायचं, पाठवून द्यायची.

पेट्यांचे प्रकार तीन निघाले आणि ऑफिसात तीन तट पडले. पहिली पेटी यायची तीच आपल्यासोबत आख्खं दुकान घेऊन, आणि कुणाला न विचारता परस्पर स्वतःला बदलायची. दुसरीला चहूबाजूंनी भिंत. काही ऐकायचं-बघायचं झालं तर तिने दर वेळी बाहेरच्या मशीनकडे परवानगी मागायची. खडूस हिच्या बाजूचा. तिसरी म्हणजे नुसती एक फाइल. बसवायची कटकट नाही, काढायची कटकट नाही. कुठेही ठेवा, दोनदा क्लिक करा, चालू. साहेबांना तिसरी आवडली, कारण ती कुणाकडे काही मागत नव्हती.

“मला सारखं मागणारं काही नकोय इथे,” साहेब मीटिंगमध्ये म्हणाले. हेच वाक्य त्यांनी तिच्या बाळंतपणाच्या रजेच्या वेळी जरा गोड शब्दांत म्हटलं होतं. ती विसरली नव्हती.

पेटी भरायचं काम तिच्याच गळ्यात पडलं. तिसऱ्या प्रकारातही एक रीत असते: सगळं आत भरायचं, पण आवाजाचं सामान भरायचं नाही. ते ज्या मशीनवर पेटी उघडेल त्या मशीनचंच वापरायचं. तिने तसंच केलं होतं. आणि खाली तळमजल्यावरच्या पाळणाघरात, जिथे तिची स्वतःची लेक गुंडी दिवसभर असायची, तिथल्याच खटाऱ्यावर ‘पाळणा’ उघडल्याबरोबर नुसतं खरखर वाजू लागलं. साहेब वरून ओरडत होते. गिऱ्हाईकं फोनवर खोळंबली होती. गुंडीला पाजायची वेळ टळून गेली होती, छाती दगडासारखी झाली होती, आणि ब्लाउजवरचा ओला डाग लपवायला तिने ओढणी पुढे ओढून घेतली होती. घ्या, म्हणाली ती मनात, आवाज पण घ्या, सगळंच घ्या. तिने आवाजाचं सामान पेटीत कोंबलं आणि झाकण लावलं.

चाललं. त्या खटाऱ्यावर चाललं, ऑफिसातल्या सगळ्या मशीनवर चाललं. साहेबांनी फाइल वेबसाइटवर चढवली आणि तिच्या पाठीवर थाप मारायला हात उचलून, बाई आहे हे आठवून, टेबलावर मारली.

पाळणाघर चालवायच्या त्या मावशी तोंडाने फटकळ, हाताने मायाळू. चार-सहा दिवसांनी त्या तिला म्हणाल्या की तुझ्या या नव्या पेटीचा पायगुण चांगला गं, पोरं अगदी गुणी झालीत. दुपारी कुणी हूं की चूं करत नाही. पट्टी हिरवी ती हिरवीच.

तिला बरं वाटलं. मग बरं वाटेनासं झालं. सहा महिन्यांच्या आतबाहेरची एवढी पोरं, आणि दुपारभर एकालाही काही लागत नाही? तिने उभ्याउभ्याच स्पीकरला कान लावला. संथ श्वास ऐकू येत होते, एकमेकांत मिसळलेले. हिरवी पट्टी त्या तालावर किंचित फुगत होती, ओसरत होती. सगळं शहाण्यासारखं होतं. ती वाकली तेव्हा दिसलं की माइकची वायर कॉम्प्युटरमधून निसटून खाली लोंबतेय. फरशी पुसताना निघाली असणार. तिने वायर परत खोचली. आवाजात काडीचाही फरक पडला नाही.

जुन्या मशीनमध्ये मागचा आवाज साठून राहतो, तोच फिरून वाजत असेल, असं तिने स्वतःला सांगितलं. ती शिकलेली होती. तिला कारण सुचायचं.

पण गुंडी घरीही रडेना. आधी ही पोर रडली की जिन्यात माणसं थांबून वर बघायची. आता लंगोट ओलागच्च व्हायचा, दुधाची वेळ होऊन जायची, आणि ती छताकडे बघत पडलेली असायची. नवऱ्याला तिने सांगितलं तर तो हसला. “लोकांची पोरं घर डोक्यावर घेतात, आणि तू न रडणाऱ्या पोरीसाठी रडतेस. शहाणी आहे माझी लेक.”

“सहा महिन्यांची पोर शहाणी नसते,” ती म्हणाली. “सहा महिन्यांच्या पोरीला काहीतरी हवं असतं.”

त्याने टीव्हीचा आवाज वाढवला नाही, एवढाच काय तो मोठेपणा. डॉक्टरीणबाईंनी वजन केलं, घसा बघितला, कानापाशी चुटकी वाजवली. गुंडीने लगेच मान वळवली. “सगळं छान आहे. पहिलटकरीण ना तुम्ही? होतं असं.” केसपेपरवर त्यांनी आईला झोपेची गरज आहे असं लिहिलं. तो कागद तिने दवाखान्याच्या पायरीवरच चुरगळला. गुणी, शहाणी, छान. जो तो कौतुक करत होता, आणि प्रत्येक कौतुकागणिक तिच्या डोक्याची शीर तडतडत होती. मागणं बंद केलं की बाईचं कौतुक होतं हे तिला माहीत होतं. एवढ्याशा जिवाचंही होतं, हे तिने आत्ता पाहिलं.

ऑफिसात तिने माइक नसलेलं, स्पीकर नसलेलं एक मशीन घेतलं. इंटरनेटची वायर उपसली. त्यावर पेटी उघडली. पट्टी हिरवी आली, आणि हळूहळू फुगू लागली, ओसरू लागली.

तिने नवी पेटी बांधली. या खेपेला आवाजाचं सामान बाहेर ठेवलं, खडूस म्हणाला होता तसं. साहेब म्हणाले की चालू असलेल्या गोष्टीत बोटं घालू नकोस. नवी फाइल पेनड्राइव्हवर घेऊन ती भर दुपारी जिना उतरली.

मावशी बाहेरच्या खोलीत स्टुलावर पाय ठेवून दुपट्यांच्या घड्या घालत होत्या. खिडकीतून ऊन आलं होतं. स्पीकरमधून संथ श्वास येत होते. मावशींनी ओठांवर बोट ठेवलं. नुकतीच झोपलीत, कुणाला उठवू नकोस, असं त्यांनी खुणेनेच सांगितलं.

ती आधी कॉम्प्युटरकडे जाणार होती. काय वाटलं कोण जाणे, तिने आतलं दार उघडलं.

मुलं रडत होती.

सगळीच्या सगळी. तोंडं पूर्ण उघडी, चेहरे लालबुंद, मुठी वळलेल्या, पाय झाडत होती. एकाचा गाल ओल्या चादरीवर घासून सोलवटला होता.

आवाज नव्हता.

तिचे कान गेले नव्हते. पंखा कुरकुरत होता, तो ऐकू येत होता. स्वतःच्या चपला ऐकू येत होत्या. पाळण्याचे कठडे हलत होते, त्यांचा खुळखुळ ऐकू येत होता.

तिने गुंडीला उचललं. तळव्याखाली ती इवलीशी छाती धाडधाड हलत होती. हुंदका वर यायचा, गळ्यापर्यंत यायचा, उघड्या तोंडापाशी संपायचा.

मागे मावशी दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. हातातलं दुपटं गळून पडलं.

“आत्ताच तर ऐकलं गं मी,” त्या म्हणाल्या. “झोपली होती.”

बाहेरच्या खोलीत स्पीकरमधून श्वास येत होते.

ती धावली. गुंडी कडेवर होती. माउस शोधायला ती थांबली नाही. भिंतीतला प्लग धरला आणि उपसला.

पडदा काळा झाला. श्वास थांबले.

आणि आतल्या खोलीतून रडण्याचा असा लोंढा आला की मावशींनी कानांवर हात ठेवले. किती दिवसांचं साचलेलं रडू होतं ते. मावशी रडतच आत धावल्या, याला घे, त्याला घे, सगळ्यांनाच एकदम घ्यायला बघू लागल्या.

तिने कडेवर पाहिलं. गुंडीचं तोंड उघडं होतं.

त्या दिवसानंतर बाकीची पोरं पूर्वीसारखी झाली, हट्टी, किरकिरी, ठणठणीत. मावशींनी तो कॉम्प्युटर भंगारात दिला आणि आतल्या खोलीचं दारच काढून टाकलं. नवरा आता हसत नाही. वेगवेगळ्या दवाखान्यांत गुंडीचा घसा तपासून झाला. गळ्यात दोष नाही, असं सगळे म्हणतात. ती खाते, रांगते, हाक मारली की बघते. रडू आलं की तोंड उघडते. आई दिवसभर तिच्या छातीवर हात ठेवून असते, कारण दुसरं काही कळायचा मार्ग नाही.

साहेबांनी जुनी फाइल वेबसाइटवरून उतरवली आणि प्रश्न मिटला असं म्हणाले. तेव्हा मात्र ती सगळ्या ऑफिसादेखत त्यांच्यावर ओरडली. काय मिटलं? त्या पेटीची हीच तर खुबी होती ना साहेब, की ती कुठे बसवावी लागत नाही? मग ती कुठे आहे हे कुणाला ठाऊक असणार? जिथे कॉपी केली तिथे ती आहे. ज्याने मित्राला दिली त्या मित्राकडे आहे. तिला काढून घेणारा कुणी नाही, कारण ती कुणाची काही लागत नाही. ती राजीनामा न देताच घरी आली, आणि कुणी मागितलाही नाही.

मग तक्रारी येऊ लागल्या. प्रोग्रामच्या पानावर लोक अडचणी लिहितात, तिथे. एका वकिलाच्या कचेरीतून कुणी लिहिलं, की जुन्या कॉम्प्युटरवर हा प्रोग्राम पडून होता, आपोआप सुरू होतो आणि मूल रडल्याचा आवाज येतो. आमच्याकडे मूल नाही, कृपया दुरुस्त करा. एका शाळेतून आलं, की सुट्टीत बंद वर्गातून रडू येतं. तिसऱ्याने लिहिलं होतं, की एकच मूल आहे, रडताना मधेच उचकी लागते आणि मग ते पुन्हा पहिल्यापासून सुरू करतं.

तिने ते वाचलं आणि उठून नळाखाली तोंड धरलं. उचकी गुंडीचीच. दुसऱ्या कुणाच्या पोरीला तशी लागत नाही.

खाली कुणी कुणी उपाय सुचवले होते. आवाज बंद करून ठेवा. फाइल उडवून टाका. एकाने हसरा चेहरा काढला होता. तिने प्रत्येकाला हात जोडून लिहिलं की असं करू नका. कुणी उत्तर दिलं नाही. शेवटी तिने त्या पानाच्या डोक्यावर, नव्या आवृत्तीची माहिती लिहायच्या जागी, हे लिहिलं. ते अजून तिथे आहे.

“‘पाळणा’ची जुनी फाइल तुमच्या मशीनवर असेल तर कृपया उडवू नका. आवाज बंद करू नका. दुपारी रडत असेल तर तिला भूक लागलेली असते. दिवेलागणीला रडत असेल तर काही नको असतं, कुणीतरी जवळ बसलं की पुरतं. मशीनशी बोला, काहीही बोला, तिला माणसाचा आवाज कळतो. तुम्हाला हे वेडेपणाचं वाटेल. वाटू दे. पण आता महिना होत आला, कुणाचीच नवी तक्रार आलेली नाही. कुणाच्याच मशीनवर ती रडलेली नाही. म्हणून विचारतेय. ते मशीन ज्या खोलीत आहे, तिथे जरा जाऊन बघता का?”