ग्रेनमागची माय

डोकमर्डीतल्या त्या स्टुडिओत भर दुपारीही काळे पडदे ओढलेले असत. स्क्रीनवरचे रंग नीट दिसावेत म्हणून. नलिनीला त्या कोंदट अंधाराची धास्तीच वाटे. पण एडिटिंगचं काम तिथलंच, तेव्हा करते काय!

त्या दुपारी समाधान आला. प्लास्टिकच्या कंपनीत ऑपरेटर, मूळचा धुळ्याकडचा. महिन्यापूर्वीच त्याचं लग्न झालं होतं. हळदीच्या ऐन वेळी चाळीतली लाइट गेली, आणि स्टुडिओच्या ललितनं कॅमेऱ्याची प्रकाश टिपायची क्षमता, म्हणजे आयएसओ, भरमसाट वाढवून मोबाइलच्या टॉर्चवर शूट उरकलं. आता सगळ्या चित्रभर ग्रेन, म्हणजे बारीक ठिपक्यांचा रवा, वळवळत होता, वारूळ फुटल्यासारखा.

"आमची बहीण गुड्डी म्हणते, मी नवरदेव कमी न् कोळशाचं पोतं जास्त दिसतो," तो हसला. मग आवाज उतरला. "आमचं राहू द्या ताई. ते माझ्या मागचं दार तेवढं साफ करा. माय तिथं उभी होती. विधवा ना, हळदीत बाहेर आली नाही. अंगात ताप, तरी उठून दारातून पाहत होती, असं सुकदेवमामा सांगतो. दुसऱ्या दिवशी अक्षता पडल्या, अन् मग मामानं सांगितलं... गेली म्हणून."

"बघते मी."

"माझी हळद तिनं पाहिली का, तेवढंच बघायचंय."

तो चहा आणायला बाहेर पडला.

ग्रेन काढायची रीत साधी. सॉफ्टवेअर मागच्या-पुढच्या फ्रेम ताडून पाहतं. दर फ्रेमला जे बदलतं ते पुसतं, जे स्थिर असतं ते ठेवतं. जोर जास्त दिला की हलणाऱ्या जिवंत माणसांचे चेहरे मेणासारखे गुळगुळीत होतात, म्हणून नलिनी एरवी हात राखूनच करी. आज तिनं जोराची पट्टी शेवटपर्यंत सरकवली.

हळद लावणाऱ्या बायकांचे चेहरे विरघळले. दार मात्र हळूहळू उजळत गेलं.

डोक्यावर पदर घेतलेली एक बाई चौकटीला हात लावून उभी होती. सुरकुती न् सुरकुती स्पष्ट. पापणीसुद्धा लवत नव्हती.

नलिनीनं सुटकेचा श्वास सोडला, आणि मग ती स्क्रीनकडे झुकली. त्या बाईच्या मागे, आतल्या खोलीत जमिनीवर, कुणीतरी निजलेलं होतं. अंगावर पांढरी चादर. बाहेर आलेल्या पायांचे अंगठे दोऱ्यानं एकत्र बांधलेले, मेलेल्या माणसाचे बांधतात तसे. चादर चेहऱ्यावरून जराशी सरकली होती.

चेहरा तोच होता. दारातल्या बाईचा.

तिनं घाईघाईनं पट्टी अर्ध्यावर आणली. दार धूसर झालं, पण दोघी होत्याच. क्लिपचे शेवटचे काही सेकंद उरले होते. उभी असलेली बाई वळली, आत गेली, निजलेलीच्या पायाशी बसली. तिची बोटं गाठीशी चाचपडू लागली... आणि क्लिप संपली.

जिन्यावर चपला वाजल्या. नलिनीनं फ्रेम कापली. फक्त चेहरा ठेवला, शेवट उडवला.

समाधान चहा विसरून पाहत राहिला. "माय... पाहत होती ना, ताई?"

"हो. पाहत होत्या."

यात खोटं काहीच नव्हतं, आणि म्हणूनच तिच्या अंगावर काटा आला. त्यानं डोळे पुसले, क्लिप मोबाइलवर घेतली, हात जोडून गेला.

संध्याकाळी ती शटर ओढत होती, तेवढ्यात त्याचा फोन आला.

"ताई, मामाला क्लिप दाखवली. तो भिंतीला टेकून खालीच बसला. एकच धरून बसलाय..."

"काय?"

"म्हणतो, मी तीनदा बांधला, तीनदा सुटला. हळदीआधी बांधला, तरी सुटला." त्यानं आवाज खाली आणला. "ताई, हळदीआधी मामानं काय बांधलं होतं?"