पाहुणा कुणाचा?

टॅबलेट संगणकाला दिसत नव्हता.

तंत्रज्ञ रेणू कडलगने केबल काढली, टोकावर फुंकर मारली आणि पुन्हा जोडली. टॅबलेटच्या कोपऱ्यात चार्जिंगचं हिरवं चिन्ह उमटलं. म्हणजे वीज पोहोचत होती. संगणकाच्या पडद्यावर मात्र सकाळपासूनचंच वाक्य होतं: ‘कोणतेही उपकरण जोडलेले नाही.’

“केबल बदलून पाहिलीस?” डॉ. मुजावरांनी दारातूनच विचारलं.

“बदलली, सर. पोर्टही बदलला. ड्रायव्हर काढून परत टाकला, दोन्ही यंत्रं बंद करून चालू केली. शेवटी शेजारच्या खोलीतला संगणक उचलून आणला. त्यालाही दिसत नाही.”

“मग बिघडलंय काय?”

“तेच कळत नाही. वीज घेतो, पण बोलत नाही.”

मुजावरांनी घड्याळाकडे पाहिलं. दुपारी वैद्यकीय मंडळाची बैठक होती आणि तिच्यापुढे एकच विषय होता, पलंगावरचा माणूस.

उन्मेष लिमण मागच्या हिवाळ्यात त्र्यंबकच्या डोंगररांगेतल्या एका सुळक्यावरून पडला होता. तेव्हापासून त्याने डोळा उघडला नव्हता की बोट हलवलं नव्हतं. श्वासही यंत्राचा होता. नाशिकच्या या मज्जा-संशोधन केंद्रात त्याच्या कवटीखाली मज्जाजाळी बसवली होती. केसापेक्षा बारीक तारांचं ते जाळं मेंदूतले संकेत टिपायचं आणि उलट सूक्ष्म प्रवाह सोडून झोपलेल्या वाटा जागवायचा प्रयत्न करायचं. जाळीचा कारभार उशाजवळचा टॅबलेट पाहायचा. त्याच्या पडद्यावर दिसायचा फक्त सारांश, आणि तो सारांश गेले कित्येक महिने एका जवळजवळ सपाट रेघेपलीकडे गेला नव्हता. खरी, बारीकसारीक नोंद टॅबलेटच्या पोटात होती. ती यूएसबीने संगणकावर उतरवल्याशिवाय वाचता येत नव्हती. नोंद मिळाली नाही, तर मंडळ सारांशावरच निर्णय घेणार होतं. सारांश सांगत होता, घरात कुणी नाही. मग श्वसनयंत्र बंद.

पलंगाच्या पलीकडे उन्मेषची बायको शलाका बसली होती. तिने सकाळपासून एकही प्रश्न विचारला नव्हता. रेणूला त्याचंच जास्त दडपण येत होतं.

“टॅबलेटच बदलून टाक,” मुजावर म्हणाले.

“हा बदललेलाच आहे, सर. आधीच्याचीही हीच तक्रार होती, म्हणून मीच...”

रेणू मध्येच थांबली. दोन वेगळे टॅबलेट, वेगळ्या केबली, वेगळे संगणक, आणि दोष अगदी तोच. या सगळ्यात न बदललेलं असं काय होतं? तिची नजर नकळत पलंगाकडे गेली.

तिने संगणकाची केबल ओढून काढली. टॅबलेटच्या सेटिंगमध्ये शिरून जोडणीचं पान उघडलं. तिथे लिहिलं होतं: ‘यजमानाशी संपर्क चालू.’

“सर, हे बघा. केबल माझ्या हातात आहे. तरी हा म्हणतो, मी कुणालातरी जोडलेला आहे.”

“म्हणजे?”

“यूएसबीत दोघांपैकी एक यजमान असतो, दुसरा पाहुणा. यजमान विचारतो, ‘कोण?’ पाहुणा नाव सांगतो. न विचारता त्याने बोलायचं नसतं. आणि पाहुणा एका वेळी एकाच घरी उतरतो. संगणक कायम यजमान. आपला टॅबलेट संगणकापुढे पाहुणा असतो आणि मज्जाजाळीपुढे यजमान. पण त्याला दोन्ही भूमिका येतात. जाळीच्या बाजूने ठरावीक खूण आली, तर तो यजमानपद सोडून तिकडे पाहुणा होतो. मग संगणकाने कितीही हाका मारल्या, तरी ओ देत नाही.”

“ती खूण देणार कोण? जाळीला कुठली अक्कल? नुसत्या तारा आहेत त्या.”

“तारांच्या पलीकडे आहे ना, सर.”

मुजावरांनी मान हलवली. “त्याला खूण शिकवली कुणी?”

“कुणीच नाही. जाळी अंदाजाने प्रवाह सोडते. प्रतिसाद मिळेल तसा टॅबलेट आपली पद्धत बदलतो. एवढे महिने दोघं एकमेकांना चाचपडतायत. अंधारात चाचपडणाऱ्याच्या हाताला दाराची कडी लागावी, तसं झालं असेल. लागल्यावर त्याने ती सोडली नाही.”

“किंवा मेंदूच्या एखाद्या कोपऱ्यात फिटचा झटका अडकून बसलाय. त्यातूनही अशी खूण निघू शकते. रेणू, बाईंसमोर जपून बोल. आशा लावणं सोपं असतं.”

“झटका असेल, तर आपलं ऐकणार नाही. माणूस असेल, तर सांगितल्यावर सोडेल. करून बघायला काय हरकत आहे?”

शलाका केव्हाच उठून उभी राहिली होती. “काय सोडायला सांगू त्याला?” तिने विचारलं.

हा प्रश्न रेणूच्या डोक्यात आला नव्हता. तिने केबल परत संगणकाला जोडली. “तेच मला सांगता येत नाहीये, शलाकाताई. त्यांनी काहीतरी धरून ठेवलंय. पण आपण नेमकं काय धरलंय असं त्यांना स्वतःला वाटत असेल, कोण जाणे.”

शलाका त्याच्या कानाशी वाकली. “उन्मेष, सोड,” ती हळूच म्हणाली. “सोडून दे. ऐकतोयस ना?”

संगणक ढिम्म. तिने पुन्हा सांगितलं. मुजावरांनी नजर खिडकीबाहेर वळवली. बाहेर मंडळातल्या कुणाची तरी गाडी आवारात शिरत होती. आपण या बाईला विनाकारण ओढलं, असं रेणूला वाटू लागलं.

शलाका सरळ झाली. डोळे पुसले. मग छातीत हवा भरून, हॉस्पिटलात कुणी ओरडत नाही असं ती ओरडली, “उन्मेष, ढील!”

नर्स दचकून दारात आली.

“चढताना मी वर असायचे,” शलाका रेणूला म्हणाली, पण तिची नजर नवऱ्यावरच होती. “हा खाली माझा दोर धरून उभा. वरून ‘ढील’ म्हटलं की सैल सोडायचा, ‘ताण’ म्हटलं की ओढून धरायचा. दुसरं काही ऐकायचाच नाही तेव्हा.”

श्वसनयंत्राचा भाता वर गेला, खाली आला. पुन्हा वर गेला. आणि संगणक टिंग वाजला.

‘नवे उपकरण सापडले.’

“योगायोग,” मुजावर म्हणाले. पण त्यांचा आवाज बदलला होता. “पुन्हा करा.”

“ताण!”

थोड्या वेळाने पडद्यावरून उपकरण नाहीसं झालं.

“ढील!”

टिंग.

मग मुजावर स्वतः पुढे झाले. त्यांनी शलाकाला आपल्या हाताकडे पाहायला सांगितलं. बोट वर केलं तर ताण, खाली केलं तर ढील, आणि मूठ मिटली तर गप्प राहायचं. क्रम त्यांनी मुद्दाम विस्कटून टाकला. कधी तेच बोट लागोपाठ, कधी बराच वेळ नुसती मूठ. उत्तर कधी उशिरा आलं, पण चुकीचं एकदाही आलं नाही. शेवटी मुजावर खुर्चीवर टेकले आणि त्यांनी चष्मा काढला.

“बैठक इथे घ्यायला सांगतो,” ते नर्सला म्हणाले. “सगळ्यांना याच खोलीत आणा. आणि श्वसनयंत्राचं बटण कुणीही शिवायचं नाही.”

शलाका नवऱ्याच्या निर्जीव हातावर डोकं टेकून रडत होती. “अरे, थोडा वेळ ढीलच राहू दे,” ती मध्येच म्हणाली. “यांना तुझं सगळं वाचू दे.” आणि संगणकावर नोंद उतरत राहिली.

पहिली पानं उघडताच रेणूला खूण सापडली. ती काही आजची नव्हती. पहिला टॅबलेट बदलल्यानंतर नव्यावर ती अगदी पहिल्याच दिवशी उमटली होती. म्हणजे त्याआधीच उन्मेष ती शिकला होता. त्याने मोठ्या मुश्किलीने कडी शोधली होती, आणि रेणूने टॅबलेट बदलून दारच उखडून नेलं होतं. तरी त्याने नव्या दाराला पुन्हा हात घातला होता.

तिचा फोन वाजला. लातूरच्या केंद्रातला तंत्रज्ञ होता. तिथेही हीच मज्जाजाळी वापरत होते आणि टॅबलेट नाशिकहूनच जायचे.

“मॅडम, किरकोळ काम आहे. आमचा एक टॅबलेट यूएसबीवर दिसत नाही. चार्ज होतो, पण संगणक ओळखत नाही. मागच्यांसारखाच. काढून तुमच्याकडे पाठवून देतो, तुम्ही नवा धाडा.”

मागच्यांसारखाच. असे फोन तिला अनेक गावांहून आले होते. प्रत्येक वेळी ती हसून ‘पाठवा’ म्हणाली होती. त्या खाटांवर आता कोण होतं, कुणी होतं की नाही, हे तिने कधी विचारलंच नव्हतं.

“मॅडम? काढू ना? पेशंटबद्दल मंडळाची बैठक उरकली आहे, श्वसनयंत्र आज बंद होईल, आता तशी टॅबलेटची गरजही नाही.”

“हात लावू नका!” रेणू इतक्या जोरात ओरडली की मुजावर उठून उभे राहिले. “टॅबलेटला नाही, श्वसनयंत्राला नाही, कशालाच नाही. पळत जा आणि घरच्या माणसाला पेशंटजवळ उभं करा. आणि आधी मला त्या पेशंटचं नाव सांगा.”