औषध न दिलेल्या पेशी

राजनंदिनीचा झाडपाल्यावर राग नव्हता. राग होता तो झाडपाला पिशवीत घालून येणाऱ्या माणसांवर. पाषाणच्या एका संशोधन संस्थेत ती थायरॉइडच्या कर्करोगाच्या पेशी वाढवायची आणि वनस्पतींचे अर्क त्यांच्यावर तपासायची. "रॉकेल ओतलं तरी प्लेटमधल्या पेशी मरतात," ती सांगायची. "म्हणून कोणी रॉकेल पीत नाही."

जयसिंगरावांनाही तिनं हेच ऐकवलं. जमिनींवर इमारती उठवून मोठा झालेला माणूस. संचालकांची चिठ्ठी आणि एका वेलीची जुडी घेऊन आला होता.

"आईच्या गळ्याला गाठ होती. डॉक्टरांनी हात टेकले. ह्या वेलीच्या काढ्यावर आज नव्वदीत ठणठणीत आहे."

"मग माझ्याकडे कशाला? देऊळ बांधा."

"बांधलंय," ते शांतपणे म्हणाले. "आता तुमचा शिक्का पाहिजे."

संचालकांपुढे इलाज नव्हता. तिनं अर्क काढला. प्लेटच्या अर्ध्या खड्ड्यांतल्या पेशींना तो दिला, उरलेल्या तुलनेसाठी तशाच ठेवल्या. दुसऱ्या दिवशी मायक्रोस्कोपखाली अर्कातल्या पेशी गुबगुबीत, चकचकीत, तळाला घट्ट चिकटलेल्या होत्या. अर्क न मिळालेल्या मात्र साऱ्या मरून तरंगत होत्या.

"लेबलं उलटी लावलीस," ती सहकारी शेफालीला म्हणाली.

"मॅम, मी डबल चेक केलंय."

"डबल चेक करणाऱ्यांच्या चुकाही डबलच असतात."

मग तिनं स्वतः सगळं केलं. तेच झालं. अर्काची प्लेट वेगळी करून, नीट बंद करून इनक्यूबेटरच्या खालच्या कप्प्यात ठेवली. वरच्या कप्प्यांत इतरांच्या पेशी होत्या, कुणाच्या त्वचेच्या, कुणाच्या मूत्रपिंडाच्या. त्या सगळ्या मेल्या. ना बुरशी, ना जिवाणू, पोषकद्रव स्वच्छ. दूरच्या इमारतीत ठेवलेल्या पेशी मात्र मजेत होत्या, शेफालीनं अर्काची प्लेट त्यांच्या शेजारी नेऊन ठेवेपर्यंत.

शेफालीचा आवाज बसला होता. "मॅम, बंद करूया हे," ती कुजबुजली.

"एसीत बसून घसा धरला की लगेच भुताटकी? रजा घे आणि मिठाच्या गुळण्या कर."

निष्कर्ष तरी उघड होता: हे औषध कर्करोगाला मारत नव्हतं, उलट पोसत होतं. जयसिंगरावांना ते तोंडावर सांगायची संधी ती फोनवर वाया घालवणार नव्हती. भर दुपारी ती खडकवासल्याच्या अलीकडच्या त्यांच्या बंगल्यावर गेली.

फाटकाशी कुत्रं नव्हतं. कुंड्यांत वाळक्या काड्या होत्या. हिरवी होती ती फक्त वेल. तिनं सगळी भिंत झाकली होती. दिवाणखान्यात हार घातलेल्या फोटोंची दाटी होती. सून, नातवंडं, कोणी दीर, कोणी कामवाली.

जयसिंगरावांच्या शेजारी त्यांच्या आई, तुळजाबाई, सोफ्यावर पाय दुमडून बसल्या होत्या. ताठ, तुकतुकीत. गळ्यावर लिंबाएवढी गाठ होती. त्या बोलल्या की ती वरखाली व्हायची.

"गाठ गेली नाही तर!" राजनंदिनी विजयानं म्हणाली.

"कशापायी जाईल? ती बी जगतीया की."

राजनंदिनीनं जयसिंगरावांना प्रयोग सांगितला, एकेक शब्द चावून. त्यांना आश्चर्य वाटलं नाही.

"आम्ही दोघं काढा घेतो," ते फोटोंकडे बघत म्हणाले. "बाकीच्यांनी ऐकलं नाही. तुमच्या शिक्क्यानं लोक ऐकतील. सगळ्यांनीच घेतला, तर कोणालाच भीती नाही."

"मला घाबरवताय?"

"न्हाई वं," तुळजाबाईंनी पेला पुढं केला. "हितं बसायचं आसंल तर घ्या. न्हाईतर लवकर उठा."

उठून जाणं म्हणजे मान्य करणं. आणि या असल्या माणसांसमोर मान्य करायचं? तिनं पेला उचलला, त्यांच्या डोळ्यांत बघत एका दमात रिकामा केला.

"झालं समाधान?"

काढा कडू नव्हता. जरासा गोडच होता.

परतताना तिला फार बरं वाटत होतं. कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं इतकं.

सिग्नलला शेफालीचा फोन आला. पलीकडून नुसता श्वास ऐकू येत होता. मग तिच्या आईचा आवाज आला, "अहो मॅडम, तिला बोलताच येत नाहीये..."

राजनंदिनीनं फोन ठेवला.

विश्रांतवाडीच्या फ्लॅटमध्ये ती थेट बाल्कनीत जाऊन बसली. विक्रम, तिचा नवरा, काही वेळानं चहा घेऊन आला आणि कठड्याकडे बघून खूश झाला.

"गेली बघ कबुतरं एकदाची! सकाळी केवढा गोंधळ होता."

कठड्याखाली, कुंड्यांमागे, ती सगळी ओळीनं पडली होती.

"इतकी कोपऱ्यात का बसलीस? सरक की."

"विक्रम, आत जा."

"का?"

तो तिच्याशेजारी बसला, चहाचा घोट घेतला आणि घसा खाकरला.