अक्षरांत मिसळलेली लिंक

सोमवारी बेल तोडायचा नसतो, म्हणून वृषाली रविवारी सकाळीच तो तोडून ठेवायची. त्या रविवारी परडी भरून ती वळली, तर फाटकाशी एक तरुण उभा! आषाढाच्या भुरभुरीत चिंब... हातात पंक्चर झालेली मोटारसायकल.

"पंक्चरचं दुकान कुठंय?"

"पुढं वळणावर. पण आज बंद."

"मग इथं खोली मिळंल का?"

"भीमाशंकरला जाणाऱ्यांना मिळते. गाडी ढकलणाऱ्यांना नाही."

तो असा काही हसला की वृषालीच्या परडीतली दोन पानं खाली पडली.

त्याचं नाव सुदर्शन. मंचरला सायबर कॅफे चालवायचा, वेबसाइट बनवायचा. चहा पिता पिता त्यानं तिच्या वडिलांना, गेणभाऊंना, खोल्यांची वेबसाइट करायला पटवलंसुद्धा. हायवेवरच्या नव्या लॉजमुळे पेठेतल्या त्यांच्या चार खोल्या ओस पडत होत्या. गेणभाऊ म्हणाले, "हा श्रावण बघू. न्हाईच आलं कुणी, तर खोल्या बंद करू." खोल्या वृषालीच सांभाळायची.

मग वृषालीच्या मंचरला फेऱ्या सुरू झाल्या.

"हे निळं-निळं, खाली रेघा... पोथीत कुणी पेनानं खुणा केल्यासारखं दिसतंय," ती कॉम्प्युटरच्या पडद्याकडे बघत म्हणाली.

"लिंक हायेत त्या. दाबल्या की दुसरं पान उघडतं. अक्षरांसारख्याच केल्या, तर पावण्यांनी दाबायचं कुठं?"

"खोली नोंदवायची तेवढी निळी ठेवा. बाकीच्या मिसळू द्या."

"मिसळल्याच समजा," तो म्हणाला... आणि बघत होता मात्र तिच्याकडे.

श्रावणाला आठ दिवस उरले आणि फोन वाजला. नाशिकच्या एक आजी बोलत होत्या.

"खोली हवीय गं. आणि बेल तोडायच्या आधी झाडाला हात जोडते ती मुलगी तूच ना? तू हसलीस की ते लिहिणारा म्हणे काय विचारायचं तेच विसरतो!"

"हे... कुणी सांगितलं तुम्हाला?"

"अगं, नातवानं भीमाशंकर, बेल, खोली असं काहीबाही शोधलं. पहिलं हेच पान आलं!"

दुपारच्या एसटीनं वृषाली मंचरला. सुदर्शननं पान उघडलं, तेव्हा त्याचे कान लाल झाले होते. 'बेल' या शब्दावर लिंक होती. रंग शेजारच्या अक्षरांचा, खाली रेघ नाही. आत पानभर वृषालीच.

"कुणाला दिसणार न्हाई असं वाटलं व्हतं," तो पुटपुटला. "पण सर्च इंजिन रंग बघत न्हाई. लिंक दिसली की जातंच तिच्या मागं."

"मग लपवलंत कुणापासून?"

"तसं बघाल तर... फक्त तुमच्यापासून."

तिला हसू आलं. तिनं ते ओठांतच धरलं.

"आणि असली छपवाछपवी सर्च इंजिनवाल्यांना खपत न्हाई," तो खाली मान घालून म्हणाला. "धरली, तर आख्खी साइटच यादीतून काढतात. श्रावण तोंडावर... आत्ता काढतो. चुकलं माझं."

"चुकलंच. मला न विचारता जगाला सांगितलंत." तिचा आवाज मऊच होता, पण डळमळीत नव्हता. "पान काढा. आणि त्यात लिहिलंय ते उद्या आमच्या अण्णांपुढं तोंडानं सांगा."

"सगळं?"

"का? लिहिताना भीती नव्हती वाटली?"

त्यानं तिच्यासमोरच पान पुसलं. नोंदणीची निळी लिंक तेवढी तिनं स्वतः दाबून पाहिली. श्रावणाच्या चारही सोमवारांसाठी नावं आली होती. आता खोल्या बंद होणार नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी पूजा आटोपून वृषाली ओसरीवर आली, तर सुदर्शन समोरच उभा. इस्त्रीचा शर्ट, आणि तोंडातून शब्द नाही! गेणभाऊ वाट बघून बघून दाढी खाजवू लागले.

"अण्णा, यांना मी आवडते," शेवटी वृषालीच म्हणाली. "आणि... मलाही हे आवडतात."

गेणभाऊंनी पोरीकडं पाहिलं, मग पाहुण्याकडं.

"ही म्हणती, तुमी लिहिता लई झकास. बोलायचं काय?"

"अण्णा..." सुदर्शन एक पाऊल पुढं आला. "मला वृषालीशी लग्न करायचंय."

गेणभाऊ उठले. त्यांनी आतून घोंगडी आणली, झटकली, अंथरली.

"बसा पावणं. आता सांगा, घरी कोण कोण असतं?"

आणि वृषाली चहाचं आधण ठेवायला आत वळली, कान मात्र ओसरीवरच ठेवून.