पाचला तीन मिनिटं कमी

विश्वास ठेवा असा माझा आग्रह नाही. पण यातला एक शब्दही मी पदरचा घातलेला नाही.

हे माझ्या सख्ख्या मावशीच्या बाबतीत घडलंय. आणि मावशी थापा मारणाऱ्यांतली नाही. पत्त्यांच्या डावातसुद्धा तिला लबाडी जमत नाही, लगेच कान लाल होतात.

आयुष्यात ती एकदाच खोटं बोलली. त्या एका खोट्याचीच ही गोष्ट.

मध्यरात्र नव्हती. अमावास्या नव्हती. लख्ख उजेड होता, शुक्रवार होता, आणि पाच वाजायला तीन मिनिटं कमी होती.

मावशी विद्यापीठाच्या नोंदणी विभागात होती. खिडकी क्रमांक चार. एखाद्या मुलाला घेतलेला विषय झेपेना, तर तो सोडायचा अर्ज याच खिडकीवर द्यायचा. सत्राच्या सातव्या आठवड्यातला शुक्रवार ही शेवटची तारीख, वेळ संध्याकाळी पाच. वेळेत अर्ज दिला तर गुणपत्रिकेवर त्या विषयापुढे नुसतं 'माघार' लागायचं. त्यानं कुणाचं काही बिघडत नसे. पण पाच वाजून गेले, की विषय गळ्यात पडला. मग परीक्षेला बसला नाही तर 'गैरहजर, नापास'. आणि एक नापास म्हणजे त्या वर्षीच्या पदवीच्या यादीतून नाव बाद.

अर्ज आला की मावशी वहीत नाव आणि वेळ लिहायची, अर्जावर शिक्का मारायची आणि खालची पोचपावती फाडून मुलाच्या हातात द्यायची. पाच वाजले की वहीत तांबड्या शाईनं आडवी रेघ. रेघेखाली काही लिहायचं नाही. नियम म्हणजे नियम.

आता त्या खोलीतली एक गंमत सांगते.

तिथलं भिंतीवरचं घड्याळ पाच मिनिटं पुढे होतं.

बिघडलेलं नव्हतं. मुद्दाम पुढे केलेलं होतं. खिडकी पाच मिनिटं आधी बंद झाली की सगळ्यांना पाच दहाची बस मिळायची. कुणी केलं ते कुणालाच आठवत नव्हतं. एकोणीस वर्षं ते तसंच चाललं होतं. रोज संध्याकाळी कुलपं लावणारे शिपाई, त्यांना सगळे कुलूपकाकाच म्हणत, ते दर महिन्याला सेल बदलून पुन्हा इमानेइतबारे पाच मिनिटं पुढे लावायचे.

त्या शुक्रवारी मावशीनं रेघ मारली. खिडकी ओढून घेतली. आणि काचेवर आवाज झाला...

टक. टक. टक.

एक मुलगी उभी होती. हातात अर्ज. पेनाच्या टोपणानं ती काच वाजवत होती. धापा टाकत होती, ओठ निळसर दिसत होते.

"मॅडम, एवढा एकच अर्ज. प्रयोगशाळेचा विषय सोडायचाय. चार-चार तास उभं राहायला डॉक्टरांनी नको म्हटलंय."

मावशीनं पुन्हा मान वर केली नाही. पेनानं भिंतीकडे दाखवलं. घड्याळात पाच वाजून दोन मिनिटं झाली होती.

"मॅडम, माझ्या घड्याळात अजून तीन मिनिटं आहेत."

"इथं भिंतीवरचं चालतं."

"माझे बाबा घड्याळं दुरुस्त करतात, मॅडम. माझं घड्याळ चुकत नाही."

मावशीनं पर्स उचलली. बस मिळाली. खिडकीशेजारची जागासुद्धा मिळाली. हे ती मला आवर्जून सांगते, दर वेळी.

चार आठवड्यांनी ती मुलगी प्रयोगशाळेच्या जिन्यात पडली. विषय सुटला नव्हता ना. नापास होऊन पदवीचं वर्ष जाऊ नये म्हणून रोज जात होती. पडली ती उठलीच नाही.

बातमी आली तशी विभागात सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. कुलूपकाका स्टुलावर चढले. घड्याळ काढलं. पाच मिनिटं मागे केलं. परत लावलं.

"बाई, आपण काही पाहिलं नाही," ते म्हणाले.

मावशीनं पुढचा अर्ज ओढला आणि शिक्का मारला.

दोन महिन्यांनी एक गृहस्थ खिडकीवर आले. साधा शर्ट, खिशाला अडकवलेलं भिंग. मुलीचे वडील. घरी टपालानं गुणपत्रिका गेली होती. मेलेल्या पोरीची गुणपत्रिका. एका विषयापुढे लिहिलं होतं, 'गैरहजर, नापास'.

"ती कधी नापास झाली नाही हो," ते म्हणाले. "घरी आली तेव्हा सांगत होती, मी वेळेत गेले होते म्हणून. किती वाजले होते, मॅडम?"

मावशीनं वही उघडली. तांबडी रेघ दाखवली. आणि म्हणाली, "पाच वाजून दोन मिनिटं."

तेच ते खोटं.

त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. मग स्वतःच्या मनगटाकडे. दोन्ही वेळा अगदी सारख्या.

"म्हणजे तिचंच घड्याळ मागे होतं," ते हळूच म्हणाले. "मीच लावून दिलं होतं त्याच आठवड्यात. माझ्याच हातून चुकलं."

आणि गेले. नंतर कानावर आलं की त्यांनी दुकान बंद केलं. घड्याळाला हात लावत नाहीत म्हणे.

मावशीला अन्न गोड लागेना. खरं सांगावं तर नोकरी जाणार, विभागातले सगळे अडचणीत येणार. न सांगावं तर तो माणूस जन्मभर स्वतःलाच खात राहणार. ती रोज ठरवायची, आज सांगते. आणि रोज पाच दहाची बस पकडून घरी यायची.

पुढचं सत्र आलं. सातवा आठवडा. शुक्रवार.

दुपारपासून रांग होती. साडेचारला ती ओसरली. पावणेपाचला शेवटचा मुलगा गेला. बाहेरच्या लांब बोळात कुणी नव्हतं. मावशीनं तांबडं पेन हातात घेतलं आणि घड्याळाकडे पाहिलं.

पाचला तीन मिनिटं कमी.

पंख्याची घरघर चालू होती. शेजारच्या टेबलावर कुणीतरी कागद टाचत होतं. आणि मग तिच्या लक्षात आलं... घड्याळाची टिकटिक येत नाहीये.

काटा थांबला होता. मनगटावरचाही.

टक. टक. टक.

काचेपलीकडे कुणी नव्हतं.

बोळाच्या टोकापर्यंत नुसती फरशी चमकत होती. पण खिडकीच्या फळीवर एक अर्ज होता. विषय सोडण्याचा. नाव तेच. हजेरी क्रमांक तोच. प्रयोगशाळेचा विषय. एका कोपऱ्यावर घामट बोटांचा ओला ठसा, अजून न वाळलेला.

मावशीनं खिडकी धाडकन ओढली. टिकटिक सुरू झाली. पुन्हा डोकावून पाहिलं तर अर्ज नव्हता.

"कुणी आलं होतं?" तिनं विचारलं.

"नाही बाई. पण घड्याळ..." कुलूपकाका भिंतीकडे बघत म्हणाले, "घड्याळ थांबलं होतं का हो मघाशी? मी सेल कालच बदललाय."

दुसऱ्या दिवशीच काकांनी महिन्याची रजा टाकली. करून सवरून नामानिराळं राहायची त्यांना सवयच होती.

मावशी कुठे जाणार? सोमवारी पुन्हा तेच. मंगळवारीही. पाचला तीन मिनिटं कमी झाली की टिकटिक बंद... मग तीन टकटक... मग फळीवर तो अर्ज. रोज थोडा जास्त चुरगळलेला. रोज कुणीतरी हातात घट्ट धरून वाट पाहिल्यासारखा.

गुरुवारी एक नवी गोष्ट झाली.

टकटक झाली आणि मागोमाग श्वास ऐकू आला. धापा टाकल्यासारखा. काचेवर बाहेरून वाफ धरली. लहानशी, तोंडाच्या उंचीवर.

विरली.

पुन्हा धरली.

शेजारी बसलेली टंकलेखिका आरामात फोनवर बोलत होती. तिला काहीच दिसत नव्हतं.

शुक्रवारी मावशीनं ठरवलं. घरून निघताना तिनं आईला, म्हणजे माझ्या आईला, फोन करून एवढंच सांगितलं, "आज मला बस मिळणार नाही."

पाचला तीन मिनिटं कमी झाली. टिकटिक थांबली.

टक. टक. टक.

मावशीनं खिडकी उघडली. "दे," ती म्हणाली.

फळीवरचा अर्ज तिच्याकडे सरकला. पंखा त्या दिवशी बंदच होता, खोलीत वारा नव्हता.

तिनं वही ओढली. नाव लिहिलं. वेळेच्या रकान्यात स्पष्ट लिहिलं, चार सत्तावन्न. शिक्का मारला. पोचपावतीवर वेळ टाकून सही केली, फाडली आणि काचेबाहेर धरली.

कुणीतरी ती घेतली.

ओढली नाही, हिसकावली नाही. मावशी म्हणते, चांगल्या घरची मुलगी घेते तशी, दोन बोटांनी, अदबीनं. ती बोटं मावशीच्या बोटांना लागली. फरशीसारखी गार होती.

टिकटिक सुरू झाली. मावशीनं वहीत पाहिलं.

त्या दिवसाच्या पानावर नोंद नव्हती.

तिनं घाईघाईनं मागची पानं उलटली. गेल्या सत्राचा तो शुक्रवार. शेवटचं नाव, मग तांबडी रेघ. आणि त्या दोन्हींच्या मधे, जिथं आधी बोटभरही जागा नव्हती, तिथं ती नोंद होती. मावशीच्याच अक्षरात. चार सत्तावन्न. शाई जुनी, फिकी पडलेली.

सोमवारी सकाळी मुलीचे वडील आले.

त्यांच्या हातात पोचपावती होती. कडेनं पिवळी पडलेली, घडीवर विरलेली.

"काल तिची पुस्तकं आवरायला घेतली," ते म्हणाले. "प्रयोगवहीत ही सापडली. शिक्का तुमचाच आहे. तारीख गेल्या सत्राची. वेळ चार सत्तावन्न." त्यांनी ती फळीवर ठेवली. "मॅडम, तुम्ही तर पाच वाजून दोन म्हणाला होतात."

विभागात सगळ्यांनी माना खाली घातल्या. नुसतं 'वेळ लिहिताना चूक झाली असेल' म्हटलं असतं तरी निभावलं असतं. विभागप्रमुख मावशीला डोळ्यांनी तेच खुणावत होते.

मावशी उठली. खिडकीतून नाही, दार उघडून बाहेर आली आणि त्यांच्यासमोर उभी राहिली.

"तिचं घड्याळ बरोबर होतं," ती म्हणाली. "आमचं पाच मिनिटं पुढे होतं. आम्हीच ठेवलं होतं. मला माहीत होतं तेव्हाही, आणि तुम्ही आलात तेव्हाही. तुमच्या हातून काही चुकलं नाही."

ते रागावलेसुद्धा नाहीत. खिशातून एक लहानसं मनगटी घड्याळ काढलं, मुलीचं, आणि कानाशी धरलं. डोळे मिटून किती तरी वेळ ऐकत राहिले. मावशी म्हणते, त्यांनी दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

गुणपत्रिका बदलली. 'गैरहजर, नापास' खोडून 'माघार' आलं. चौकशी झाली, मावशीची नोकरी गेली. तिनं त्याबद्दल कधी हूं की चूं केलं नाही. दुकान पुन्हा उघडल्याचं मात्र तिनं स्वतः जाऊन पाहिलं. लांबूनच.

इथं गोष्ट संपायला हवी होती. मलाही तसंच वाटत होतं.

आता मावशी आमच्याकडेच असते. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर. तिच्या खोलीच्या खिडकीला बाहेर गच्ची नाही, कठडा नाही, काही नाही. सरळ खाली रस्ता.

दर सत्राच्या सातव्या आठवड्यातल्या शुक्रवारी ती पावणेपाचला त्या खिडकीशी खुर्ची घेऊन बसते. मांडीवर एक जुनी वही असते. आम्ही म्हणायचो, बसू दे, म्हाताऱ्या माणसाच्या मनाचा विरंगुळा.

गेल्या खेपेला मी तिला चहा द्यायला गेले. कप खाली ठेवला आणि लक्षात आलं... घड्याळाची टिकटिक येत नाहीये.

टक. टक. टक.

काचेवर. बाहेरून.

मावशीनं शांतपणे खिडकी उघडली. हात बाहेर केला. काहीतरी घेतलं. वहीत लिहिलं. पुन्हा हात बाहेर केला.

"मावशी," मी कसंबसं विचारलं, "तिचं तर झालं ना गं सगळं? मग आता ती का येते?"

"ती कुठली येतेय," मावशी मान वर न करता म्हणाली. "ती तेव्हाच गेली."

"मग कोण आहे?"

तिनं पान उलटलं. पान भरलेलं होतं. त्याच्या मागचंही.

"एकोणीस वर्षं पुढे होतं ना गं ते घड्याळ," ती म्हणाली. "जरा सरक तिकडे, उजेड अडवू नकोस. रांग मोठी आहे."