आईची वेल

तव्यावरची पहिली भाकरी आईने उत्पलाच्याच ताटात टाकली... आणि विशाखाच्या काळजात जुनीच कळ उठली! पोटची लेक असून ती इतकी वर्षं दुसऱ्या भाकरीची धनीण होती.

भूकंपात बाप गेला, गाव गेलं. शेजारच्या ढिगाऱ्यातून आईने एक अडीच वर्षांची अनाथ पोर उपसून काढली आणि दोघींना घेऊन लातूर गाठलं. "यातली भूकंपात सापडलेली कोणती?" गल्लीने विचारलं, तेव्हा ती चिमुरडी थरथरून आईला बिलगली. आईच्या तोंडून निघून गेलं, "ही माझी." आठ वर्षांची विशाखा गप्प राहिली, ती कायमचीच. गल्लीने तिलाच अनाथ मानलं, आणि उत्पलाही तेच खरं धरून वाढली.

आता उत्पला कोचिंगमध्ये जीवशास्त्राची मॅडम होती, आणि विशाखा तिथल्याच पोरांचे डबे करायची. एके दिवशी उत्पला विद्यापीठातल्या जनुकांच्या तपासणीचा निकाल घेऊन आली. आईच्या गालातला नमुना त्यांनी तपासला होता. आईकडून लेकीला, लेकीकडून नातीला जाणारी जनुकांची हजारो वर्षांची वेल फार दुर्मीळ निघाली होती.

"आता लेकीचा नमुना पाहिजे म्हणतेत," उत्पला म्हणाली. "ताईचा काय उपयोग? माझाच लागंल."

आईचा चेहरा पांढराफटक पडला.

विशाखाला नुसतं गप्प बसायचं होतं. निकालच बोलणार होता... बोलू दे! कळू दे गल्लीला, खरी लेक कोण ते! पण दुपारी फळीवर उत्पलाच्या नावाची नमुन्याची नळी दिसली, आणि आईला बिलगलेली ती चिमुरडी तिला आठवली. जळत्या मनानेच तिने आतली कापसाची काडी फेकली, पाकिटातली दुसरी काडी स्वतःच्या गालात फिरवली आणि त्याच नळीत घातली.

निकाल आला. आईचीच वेल! विशाखाने उसनं हसू आणलं. उत्पला मात्र रडत होती.

"ताई, आईचं तोंड बघूनच मला भ्या वाटलं होतं. काडी मी गालात फिरवलीच न्हाई, कोरीच ठिवली. मंग ही वेल कुणाची हाय?"

विशाखाच्या हातातला डबा निसटला.

"भूकंपातली मी हाय ना... माझ्यापायी अजून किती गप बसशील गं?"

आईने तोंडाला पदर लावला. "इशाखा, म्या तुझ्यावर लई अन्याव केला गं, लेकी..."

"तवा तापलाय, आई," विशाखा कशीबशी म्हणाली.

आईने पहिली भाकरी तिच्या ताटात टाकली. सवयीने उत्पलाचा हात पुढे आला. "ही माझी," म्हणत विशाखाने ताट मागे ओढलं, आणि रडत रडत सगळी भाकरी एकटीने खाल्ली.